यॉर्कमध्ये बाहेर कुठे जेवावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनहून एडिंबरोला रेल्वेने जाणारे अनेक मराठी प्रवासी वाटेत एक-दोन रात्री यॉर्कला थांबतात. त्यांच्याकडून, आणि तिथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना भेटायला जाणाऱ्या आईवडिलांकडून, जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उपाहारगृहांचे मालक बदलतात, वेळा बदलतात, काही ठिकाणे बंदही होतात; म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या ठिकाणाच्या संकेतस्थळावर वेळा आणि मेनू पाहून घ्यावा.

यॉर्कमध्ये जेवायला नेमके कोणत्या भागात जावे?

तटबंदीच्या आतले जुने यॉर्क लहान आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांत चालत जाता येते, त्यामुळे अडचण अंतराची नसते, गर्दीची असते. मिन्स्टर कॅथेड्रल, स्टोनगेट, पीटरगेट आणि शॅम्बल्स या पट्ट्यात पर्यटकांची दाटी असते आणि तिथली बरीचशी दुकाने त्यांच्याच भरवशावर चालतात. या पट्ट्यात दुपारचे काहीतरी खावे, चहा घ्यावा. रात्रीच्या जेवणासाठी मात्र तिथून दहा मिनिटे बाजूला सरकावे, असे आमचे मत आहे. एका बाजूला फॉसगेट आणि त्याला लागून असलेला वॉल्मगेट, तर नदीपलीकडे मिकलगेट, या रस्त्यांवर लहान, स्वतंत्र मालकीची आणि विचारपूर्वक चालवलेली उपाहारगृहे आहेत. तटबंदीबाहेर दक्षिणेला बिशपथॉर्प रोड आहे. गावकरी त्याला लाडाने ‘बिशी रोड’ म्हणतात. बेकरी, कॅफे, भाजीवाला, खाटीक असे सगळे तिथे एका ओळीत आहे आणि शनिवारी सकाळी तिथे न्याहारीला बसले की शहरातली माणसे दिसतात, पर्यटक फारसे दिसत नाहीत.

रस्त्यांच्या नावांतला ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे, हे येथेच सांगून ठेवलेले बरे. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी हे शहर घेतले आणि रस्त्यासाठी असलेला त्यांचा शब्द इथल्या नावांना कायमचा चिकटला. दरवाजाला यॉर्कमध्ये ‘बार’ म्हणतात. त्यामुळे ‘मिकलगेट बार’ शोधत गेलेल्या पाहुण्याला पेय मिळत नाही. ज्यावर एके काळी राजद्रोह्यांची मुंडकी लटकवत असत तो दगडी दरवाजा तेवढा दिसतो.

एकच रात्र आहे आणि एकच चांगले जेवण घ्यायचे आहे. कुठे घ्यावे?

मिकलगेटवरच्या ‘स्कॉश’मध्ये. नील बेंटिंक या शेफने २०१६ मध्ये सुरू केलेल्या या उपाहारगृहात लहान लहान ताटल्या मागवून त्या सगळ्यांनी मध्ये ठेवून खायच्या असतात. माल बहुतेक आसपासचा, पण त्यावर भारतीय आणि जपानी मसाल्यांचा, लोणच्यांचा आणि चटण्यांचा हात फिरलेला असतो. परदेशात आठवडाभर सँडविच खाऊन कंटाळलेल्या जिभेला पहिल्या दोन घासांतच जाग येते. चिंच, कढीपत्ता, मिरची हे पदार्थ नावापुरते न वापरता जाणतेपणाने वापरलेले आढळतात आणि शाकाहारी ताटल्याही मांसाहारी ताटल्यांइतक्याच लक्ष देऊन केलेल्या असतात. येथे आगाऊ नोंदणी करावी लागते. शनिवारची रात्र हवी असेल तर प्रवासाची तिकिटे काढतानाच टेबलही राखून ठेवावे.

ही जागा नोंदणीने भरलेली असेल तर ग्रेप लेन या अरुंद गल्लीतल्या ‘लॉस मोरोस’ या उत्तर आफ्रिकी पद्धतीच्या उपाहारगृहाचा विचार करावा. शॅम्बल्स बाजारातल्या एका टपरीपासून त्याची सुरुवात झाली. काबुली चणे, वांगी, दही, डाळिंब आणि जिरे यांची तिथली गाठभेट आपल्याला परकी वाटत नाही.

बेटीजच्या रांगेत उभे राहण्यात अर्थ आहे का?

एकदा, हो. दुसऱ्यांदा रांगेत उभे राहण्याइतके मात्र त्यात काही नाही.

‘बेटीज’ हे चहागृह, यॉर्क ज्या परगण्यात आहे त्या यॉर्कशरबाहेर कुठेच नाही आणि ते तसेच ठेवण्याचा मालकांचा आग्रह आहे. फ्रेडरिक बेलमाँट या स्विस मिठाईवाल्याने १९१९ मध्ये हॅरोगेट येथे पहिले दुकान उघडले. १९३६ मध्ये ‘क्वीन मेरी’ या जहाजाच्या पहिल्या सफरीवर तो गेला, तिथली सजावट पाहून भारावला आणि यॉर्कच्या सेंट हेलेन्स चौकातली नवी शाखा त्याने तशाच थाटाची करून घेतली. आजही मोठ्या वळणदार काचांच्या खिडक्या आणि लाकडी नक्षीचे काम पाहताना आपण एखाद्या जुन्या आगबोटीच्या भोजनकक्षात बसलो आहोत असे वाटते. दुसऱ्या महायुद्धात शहराभोवतीच्या विमानतळांवर तैनात असलेले वैमानिक तळघरातल्या त्यांच्या बारमध्ये जमत असत. त्यांच्यापैकी शेकडो जणांनी हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने आपली नावे एका आरशावर कोरली आणि तो आरसा अजून जपून ठेवला आहे. चहा पिऊन झाल्यावर खाली जाऊन तो जरूर पाहावा, कारण त्यांतले बरेच जण पुन्हा चहाला आले नाहीत.

खाण्यात ‘फॅट रास्कल’ घ्यावे. स्कोन आणि केक यांच्या मधला हा जाडजूड, बेदाण्यांचा बन असतो आणि त्यावर चेरीचे डोळे व बदामाचे दात लावलेले असतात. मूळ मालक स्विस असल्याने मेनूवर बटाट्याची रोश्टीही आहे. भुकेच्या वेळी ती बनपेक्षा उपयोगी पडते. ‘आफ्टरनून टी’ म्हणजे तिमजली ताटलीतली सँडविचेस, स्कोन आणि केक हा प्रकार वरच्या मजल्यावरच्या दालनात आगाऊ नोंदणीने मिळतो, खालच्या कॅफेत मात्र रांग लावावी लागते. सकाळी दार उघडताच गेल्यास किंवा दुपारचा चहा उरकल्यावर संध्याकाळी गेल्यास ती बरीच आखूड असते. ज्यांना रांगच नको त्यांनी शेजारच्या त्यांच्याच दुकानातून फॅट रास्कल बांधून घ्यावे आणि नदीकाठी बसून खावे. आरसा चुकेल, बन चुकणार नाही.

यॉर्कशर पुडिंग हा गोड पदार्थ आहे का? आणि तो शाकाहारी असतो का?

नावावरून तसे वाटते, पण तो गोड नसतो. मैदा, अंडी आणि दूध यांचे पातळ, सरबरीत मिश्रण कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत ठेवले की ते कडेने फुगून मध्ये खोलगट राहते आणि कुरकुरीत वाटीसारखे दिसते. मांस महाग असण्याच्या काळात ही वाटी रश्श्यासह आधी वाढत, म्हणजे पोट थोडे भरे आणि मांस कमी लागे. आज ती रविवारच्या ‘रोस्ट’ जेवणात भाजलेले मांस, बटाटे आणि भाज्या यांच्या शेजारी येते. ‘यॉर्क रोस्ट कंपनी’ने हीच पुडिंग चपटी करून तिच्यात मांस, भाज्या आणि रस्सा गुंडाळून विकायला सुरुवात केली. २०१७ मध्ये समाजमाध्यमांवर ती गाजली आणि आता गावभर तिच्या नकला आहेत. चालता चालता खाण्यासाठी सोय म्हणून ती ठीक आहे, मात्र खाताना रस्सा मनगटापर्यंत ओघळतो. पांढरा सदरा घालून हा प्रयोग करू नये.

आता महत्त्वाचे. पुडिंगमध्ये अंडे असतेच. शिवाय ती ज्या चरबीत भाजतात ती परंपरेने गाईच्या मांसाची चरबी असते आणि वर ओतलेला रस्साही बहुधा मांसाचाच असतो. कोंबडी खाणारे पण गोमांस वर्ज्य मानणारे आपल्याकडचे बहुसंख्य मांसाहारी लोक येथेच नकळत फसतात, कारण ‘रोस्ट चिकन’ मागवले तरी शेजारची पुडिंग आणि भाजलेले बटाटे ‘बीफ ड्रिपिंग’मध्ये तयार झालेले असू शकतात. ‘हे कोणत्या चरबीत केले आहे?’ हा प्रश्न मागणी नोंदवतानाच विचारावा. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. वाढपी स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतात. अनेक ठिकाणी तेलातली शाकाहारी पुडिंग आणि भाज्यांचा रस्सा वेगळा ठेवलेला असतो, पण तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

आम्ही अंडेही खात नाही. आमचे कसे होईल?

उपाशी राहण्याची वेळ येणार नाही, मात्र शब्द नीट वापरावे लागतील. इंग्लंडमध्ये ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात अंडे गृहीत असते, त्यामुळे अंडे नको असणाऱ्याने ‘व्हीगन’ असे लिहिलेले पदार्थ पाहावेत. त्यात दूध-तूपही नसते ही गैरसोय आहे, पण मांस, मासे आणि अंडे या तिन्हींपासून सुटका एका शब्दात होते. मेनूवर पदार्थाच्या नावापुढे ‘व्ही’ किंवा ‘व्हीई’ अशी खूण असते. पहिली शाकाहारी पदार्थांची आणि दुसरी बहुधा व्हीगनची, तरी खुणांचा अर्थ त्या मेनूच्या तळाशी वाचून घ्यावा.

खुणेशिवायच्या पदार्थांत लपलेल्या गोष्टी पुढीलप्रमाणे असतात. चीज टोस्टवर शिंपडलेल्या वूस्टर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासा असतो. पार्मेझान चीज जनावराच्या जठरातल्या विरजणाशिवाय होतच नाही, म्हणून साध्या भाज्यांच्या पास्त्यावरही ते नको म्हणून सांगावे लागते. जेली आणि मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असते. वाफवलेल्या जुन्या धाटणीच्या पुडिंगमध्ये ‘सूएट’ म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असू शकते. सूप भाज्यांचे असले तरी त्याचा मूळ अर्क कोंबडीचा असण्याची शक्यता असते.

कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांसाठी यॉर्कमधले बाहेरचे जेवण खरोखर अवघड आहे. त्यांनी भाजलेला अख्खा बटाटा, म्हणजे ‘जॅकेट पोटॅटो’, लोणी किंवा चीज घालून मागवावा. तो कॅफेत बहुतेक सर्वत्र मिळतो, पोट भरतो आणि तो करताना काही चुकण्याला फारसा वाव नसतो.

फिश अँड चिप्स खाताना काय पाहावे?

दक्षिण इंग्लंडमध्ये कॉड मासा चालतो, यॉर्कशरमध्ये हॅडॉकला मान असतो आणि तो बहुधा कातडी काढून तळतात. चांगल्या दुकानात मागणी आल्यावर मासा तळतात, त्यामुळे पाच-सात मिनिटे थांबावे लागणे हे चांगले लक्षण समजावे. सोबत कुस्करलेले हिरवे वाटाणे घ्यावेत. दिसायला विचित्र, चवीला आपल्या वाटाण्याच्या उसळीच्या दूरच्या नातेवाइकासारखे, फक्त त्यांना फोडणीची ओळख नाही. ‘स्क्रॅप्स’ म्हणजे कढईत सुटलेले पिठाचे कुरकुरीत कण मागितल्यास अनेक दुकानांत फुकट मिळतात.

येथेही चरबीचा प्रश्न आहेच. यॉर्कशरमधली जुनी दुकाने मासे आणि चिप्स दोन्ही गोमांसाच्या चरबीत तळतात आणि तेच आपले वैशिष्ट्य म्हणून फलकावर अभिमानाने लिहितात. म्हणजे शाकाहारी माणसासाठी अशा दुकानातले नुसते बटाट्याचे काप हेदेखील शाकाहारी नसतात. तेलात तळणारी दुकानेही शहरात आहेत. आत शिरण्यापूर्वी फलक वाचावा आणि गल्ल्यावर विचारावे.

मुलांना आणि ज्येष्ठांना घेऊन पबमध्ये गेले तर चालते का? आम्ही मद्य घेत नाही.

चालते. जेवण देणाऱ्या पबमध्ये दुपारी आणि संध्याकाळी लवकर कुटुंबे असतातच आणि चहा, कॉफी किंवा सरबत घेऊन बसणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. मुलांसाठी काही पबमध्ये विशिष्ट वेळेनंतर प्रवेश नसतो, म्हणून दारातच विचारावे. पद्धत मात्र माहीत हवी: बहुतेक पबमध्ये आपणच काउंटरवर जाऊन, टेबलाचा क्रमांक सांगून, मागणी नोंदवायची आणि पैसे तिथेच द्यायचे असतात. टेबलावर शांतपणे बसून राहिल्यास कोणीही येणार नाही. अर्धा तास असे बसून मग रागावून निघून गेलेली एक मराठी मंडळी आम्ही पाहिली आहेत. त्या पबचा त्यात काहीही दोष नव्हता.

यॉर्कचे पब पाहायचे ते त्यांच्या इमारतींसाठी. स्टोनगेटवरच्या ‘ये ओल्ड स्टार इन’चा परवाना १६४४ चा असल्याचे सांगतात आणि त्याची पाटी रस्त्यावर आडवी, या इमारतीपासून त्या इमारतीपर्यंत, गेलेली आहे. पीसहोम ग्रीनवरचा ‘ब्लॅक स्वान’ हे मूळचे एका श्रीमंत व्यापाऱ्याचे लाकडी चौकटीचे घर आहे. मिन्स्टरसमोरच्या ‘गाय फॉक्स इन’मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात बसता येते. १६०५ मध्ये संसद उडवून देण्याच्या कटात पकडला गेलेला फॉक्स १५७० मध्ये याच शहरात जन्मला. फॉसगेटवरचा ‘ब्लू बेल’ हा दोन चिमुकल्या खोल्यांचा पब १९०३ च्या सजावटीसह जवळजवळ जसाच्या तसा राहिला आहे. मोठ्या घोळक्याने तिथे जाऊ नये, जागाच नाही.

नदीकाठचा ‘किंग्ज आर्म्स’ हा वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहतो. ऊझ नदी दर काही हिवाळ्यांत त्याच्या आत शिरते आणि कोणत्या वर्षी पाणी कुठपर्यंत चढले याच्या खुणा तिथे नोंदवलेल्या आहेत. पंचगंगेच्या किंवा कृष्णेच्या काठावर राहणाऱ्यांना ती नोंद पाहून घरची आठवण येईल. हा पब टॅडकास्टरच्या सॅम्युअल स्मिथ या मद्यनिर्मात्या कंपनीचा आहे आणि तिच्या पबमध्ये संगीत नसते, मोबाइल वापरण्यासही मनाई असते. छायाचित्रे बाहेर उभे राहून काढावीत.

जुन्या इमारतींमुळे एक व्यावहारिक अडचण येते. स्वच्छतागृहे बहुधा अरुंद जिन्याने वर किंवा तळघरात असतात, दारांच्या चौकटी बुटक्या असतात आणि जमीन समपातळीत नसते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी टेबल राखून ठेवतानाच तळमजल्याची जागा मागावी.

शहरात मिशेलिन तारांकित उपाहारगृह आहे का? ते परवडेल का?

आहे: मेरीगेटवरचे ‘रूट्स’. टॉमी बँक्स या यॉर्कशरच्याच शेतकरी घराण्यातल्या शेफने ते २०१८ मध्ये उघडले आणि २०२१ मध्ये त्याला मिशेलिन या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. इथली कल्पना आपल्याला चटकन समजेल अशी आहे. स्वतःच्या शेतातला माल वापरायचा, सुगीत निघालेले आंबवून, खारवून, मुरवून ठेवायचे आणि वर्षाचे तीन भाग करून त्याप्रमाणे ताट रचायचे: सुबत्तेचा काळ, साठवणीचा काळ आणि जुने संपत आले पण नवे अजून उगवले नाही असा टंचाईचा काळ. उन्हाळ्यात पापड-लोणची-सांडगे घालून पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या घरांतून आलेल्यांना हे तत्त्वज्ञान नवे नाही. नवे आहे ते बिल. पदार्थांची ठरलेली मालिका असते, दोन-तीन तास लागतात आणि शाकाहारी जेवण हवे असल्यास ते नोंदणी करतानाच कळवावे लागते. लग्नाचा वाढदिवस किंवा मुलीचा पदवीदान समारंभ अशा प्रसंगी जावे. लहान मुलांना नेऊ नये.

भारतीय जेवण मिळेल का?

मिळेल, मात्र ते ‘भारतीय’ कोणत्या अर्थाने आहे हे जाणून जावे. इंग्लंडमधली ‘इंडियन’ म्हणवणारी जुन्या पद्धतीची उपाहारगृहे मोठ्या प्रमाणात सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांनी उभी केली आणि कोर्मा, मद्रास, विंदालू ही तिथली नावे पदार्थांपेक्षा तिखटाच्या पायऱ्या दाखवतात. वेगळे खाद्य म्हणून त्याकडे पाहिले तर मजा येते, घरची चव शोधायला गेले तर निराशा होते. चपाती, वरण आणि एखादी कोरडी भाजी एवढेच मागवले तर बहुधा चांगले निभावते.

खरी भूक वडापावची असेल तर लीड्स गाठावे. यॉर्कहून रेल्वेने साधारण अर्ध्या तासात लीड्स येते आणि स्थानकाजवळच मिल हिलवर ‘बंदोबस्त’ नावाचे, २०१४ मध्ये उघडलेले शाकाहारी उपाहारगृह आहे. मालकांपैकी एकाचे गुजराती कुटुंब त्याआधीपासून याच भागात ‘प्रशाद’ हे शाकाहारी उपाहारगृह चालवत आले आहे. वडापाव, भेळ, भेंडीचे कुरकुरीत काप असे रस्त्यावरचे पदार्थ लहान वाट्यांत मिळतात. दादर स्टेशनाबाहेरच्या वड्याशी तुलना करू नये हे खरे, पण पाव मऊ असतो, चटणीत लसूण असतो आणि पावसात भिजून आलेल्या माणसाला एवढे पुरे असते.

यॉर्क हे चॉकलेटचे शहर आहे म्हणतात. मग ते खायचे कुठे?

तसे ते आहेच, पण एखाद्या उपाहारगृहात ते सापडत नाही. टेरी आणि राउंट्री या दोन घराण्यांनी येथे कारखाने उभारले. राउंट्री हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. या पंथाच्या लोकांना दीर्घकाळ इंग्लंडची विद्यापीठे बंद होती, म्हणून ते व्यापारात शिरले आणि मद्याला विरोध असल्याने गरिबाला दारूऐवजी कोको मिळावा असा त्यांचा आग्रह होता. इतक्या पबांच्या शहरात हे घडावे ही गंमतच. ज्याला जग ‘किटकॅट’ म्हणते तो चॉकलेटचा तुकडा राउंट्रींनी १९३५ मध्ये वेगळ्या नावाने बाजारात आणला आणि १९३७ मध्ये त्याला हे नाव दिले. १९८८ मध्ये कंपनी नेस्लेकडे गेली, तरी किटकॅट येथे अजून बनते. टेरींचा संत्र्याच्या फोडींचा चॉकलेट-गोळा १९३२ पासूनचा. त्यांचा यॉर्कमधला कारखाना मात्र २००५ मध्ये बंद झाला. किंग्ज चौकातल्या ‘यॉर्क्स चॉकलेट स्टोरी’ या संग्रहालयात हा इतिहास दाखवतात आणि चव घ्यायलाही देतात. मुले बरोबर असल्यास दीड तास चांगला जातो.

खास इथलेच असे आणखी काय चाखावे?

हिवाळ्याच्या शेवटी गेल्यास ऱ्हुबार्ब. वेकफिल्डच्या परिसरात अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये हे आंबट गुलाबी दांडे वाढवतात आणि प्रकाश लागू नये म्हणून मेणबत्तीच्या उजेडात तोडतात. २०१० पासून त्याला युरोपीय भौगोलिक संरक्षण मिळाले. अंबाडी किंवा कैरी आवडणाऱ्यांना तो आवडतो. गरम चुऱ्याखाली शिजवलेला, वर कस्टर्ड घातलेला ऱ्हुबार्ब मेनूवर दिसला तर तो सोडू नये.

‘कर्ड टार्ट’ हा फाटलेल्या दुधाच्या चक्क्यात बेदाणे आणि अंडे घालून केलेला पदार्थ असतो. वरून जायफळ किसतात आणि श्रीखंड-पुरणपोळीमुळे जायफळाशी जुनी ओळख असलेल्या जिभेला तो लगेच आपला वाटतो. नोव्हेंबरच्या सुमारास ‘पार्किन’ मिळते: ओट, काकवीसारखा काळा पाक आणि आले यांचा चिकट केक, जो ५ नोव्हेंबरच्या शेकोटीच्या रात्री खातात. त्या रात्री देशभर गाय फॉक्सचा पुतळा जाळतात. यॉर्कच्या ज्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला तिथे मात्र आपल्या माजी विद्यार्थ्याला जाळत नाहीत. वेन्सलीडेल चीज फळांच्या केकबरोबर खाण्याची इथे रीत आहे. ऐकायला विसंगत वाटते, खाल्ल्यावर पटते.

कमी खर्चात दुपारचे जेवण कसे करावे?

शॅम्बल्सच्या मागच्या उघड्या बाजारात खाण्याच्या टपऱ्या आणि बसायला बाके आहेत; निरनिराळ्या देशांचे पदार्थ उपाहारगृहापेक्षा बरेच स्वस्त मिळतात आणि समोरच बनताना दिसतात. शॅम्बल्स ही गल्ली मुळात खाटकांची. तिचे नावही मांस मांडण्याच्या फळ्यांवरून आले आणि त्या रुंद फळ्या, आकडे काही दुकानांबाहेर अजून दिसतात. तिथल्या खाटकाशी विवाह झालेल्या मार्गारेट क्लिदरो या स्त्रीला कॅथलिक धर्मगुरूंना आसरा दिल्याच्या प्रकरणात १५८६ मध्ये ठार मारण्यात आले. तिचे स्मृतिस्थळ त्याच गल्लीत आहे. पिकॅडिली रस्त्यावर जहाजी कंटेनर एकमेकांवर रचून २०१८ मध्ये उभारलेल्या ‘स्पार्क’ या जागेतही लहान विक्रेते असतात आणि तरुणांचा भरणा असतो.

हवा चांगली असेल तर सँडविच विकत घेऊन म्यूझियम गार्डनमध्ये, सेंट मेरीच्या मठाच्या भग्न कमानींसमोर, गवतावर बसावे. अनेक कॅफेंत तेच थंड सँडविच आत बसून खाल्ले तर महाग आणि बांधून नेले तर स्वस्त असते, कारण आत बसून खाण्यावर २० टक्के कर लागतो आणि थंड पदार्थ बांधून नेल्यास लागत नाही. यात दुकानदाराची लबाडी नाही.

जेवणाच्या वेळा काय आणि नोंदणी किती आधी करावी?

मराठी प्रवासी सर्वाधिक चुकतो तो येथे. रात्री साडेनऊला जेवायला निघण्याची आपली सवय यॉर्कमध्ये चालत नाही. बऱ्याच पबांची स्वयंपाकघरे आठ-साडेआठला बंद होतात आणि रविवारी तर दुपारचे रोस्ट संपले की संध्याकाळी काही ठिकाणी चूलच थंड असते. संध्याकाळी सहा ते सात ही वेळ उत्तम. काही चांगली उपाहारगृहे सोमवारी आणि मंगळवारी बंद असतात, त्यामुळे आठवड्याच्या सुरुवातीला जाणाऱ्यांनी आधीच खात्री करून घ्यावी. ऑगस्टमध्ये नेव्हस्मायर मैदानावरच्या ‘ईबोर’ घोडेशर्यतींच्या दिवसांत आणि नाताळच्या बाजाराच्या शनिवार-रविवारी, नोंदणीशिवाय मिळेल ते खावे लागते. सप्टेंबरमध्ये खाद्य-पेय महोत्सव भरतो. तेव्हा गर्दी असते, पण ती निदान आपल्या विषयाचीच.

टिप, पाणी आणि बिल यांबाबत काय रीत आहे?

मेनूवरच्या किमतींत कर धरलेला असतो. टेबलावर वाढणाऱ्या उपाहारगृहात बिलात १० ते १२.५ टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेले असू शकते. ते ऐच्छिक असल्यास काढायला सांगता येते; जोडलेले असेल तर वेगळी टिप देऊ नये, नसेल आणि सेवा चांगली असेल तर दहा टक्के द्यावेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ही सगळी रक्कम कर्मचाऱ्यांना द्यावी लागते, मालकाला त्यातून काही ठेवता येत नाही. पबच्या काउंटरवर टिप देण्याची पद्धत नाही. पाणी मागताना ‘टॅप वॉटर’ असे स्पष्ट म्हणावे, नाहीतर बाटली येते आणि तिचे पैसे पडतात. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी नळाचे पिण्याचे पाणी ग्राहकाला विनामूल्य देणे बंधनकारक आहे.

शेंगदाण्याची किंवा अन्य ॲलर्जी असल्यास?

कायद्याने ठरवलेल्या १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे प्रत्येक उपाहारगृहाला बंधनकारक आहे आणि दुकानातच बांधून ठेवलेल्या सँडविचवरही ऑक्टोबर २०२१ पासून घटकांची पूर्ण यादी छापावी लागते. दारावर ० ते ५ अशी स्वच्छतेची श्रेणी चिकटवलेली असते, पण इंग्लंडमध्ये ती लावण्याची सक्ती नाही. दिसत नसेल तर सरकारी संकेतस्थळावर त्या दुकानाचे नाव टाकून ती पाहता येते.

गाडी सुटायला तासभर आहे. स्थानकावर बसण्यासारखे काही आहे का?

‘यॉर्क टॅप’. फलाटाला लागून असलेले हे १९०७ चे चहागृह होते आणि २०११ मध्ये त्याचा पब झाला. छताला रंगीत काचांचे घुमट आहेत, मध्ये गोलाकार काउंटर आहे, कॉफीही मिळते. खायला मात्र ‘पोर्क पाय’ (डुकराच्या मांसाचे सारण भरलेली पेस्ट्री) आणि किरकोळ तोंडी लावणे यांपलीकडे फारसे नसते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी गाडीतले जेवण शहरातूनच बांधून आणावे आणि येथे फक्त छत पाहत बसावे.